सिबोला जिल्ह्यांतील बोलका खडक

इतिहासाचीं साधनें मोजूं लागलें म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, बखरी, पत्रें अशी नामावळी आपल्या तोंडीं सहज येते. तींत शिलालेखाचा मान मोठा. कागदास वाळवी लागते, स्मृति दगा देते, बखरकार धन्याच्या मर्जीनें लिहितो. दगड मात्र खोटें बोलत नाहीं, अशी आपली जुनी समजूत आहे. आम्हीही वर्गांत वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों. ही समजूत कितपत खरी मानावी याचा नव्यानें विचार करावयास लावणारा एक खडक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, न्यू मेक्सिको संस्थानाच्या पश्चिम भागीं, सिबोला नांवाच्या जिल्ह्यांत आहे. गेल्या शरदऋतूंत त्या बाजूस कांहीं दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. त्यांतील दोन दिवस आम्हीं या एका खडकाच्या पायथ्याशींच काढले, आणि ते वायां गेले असें आम्हांस वाटत नाहीं.

सिबोला हा न्यू मेक्सिकोंतील सर्वांत तरुण जिल्हा. व्हॅलेन्शिया जिल्ह्याचा पश्चिम भाग तोडून तो इ. स. १९८१ मध्यें वेगळा करण्यांत आला. जिल्हा नवा, पण त्याचें नांव एका जुन्या भ्रमाचें आहे. उत्तरेकडे सोन्यानें मढलेलीं सिबोलाचीं सात नगरें आहेत अशी आवई मेक्सिकोंत उठली आणि १५४० मध्यें कोरोनाडो नामक सरदार मोठें सैन्य घेऊन तीं शोधीत आला. त्याला आढळलीं तीं झूनी लोकांचीं दगडमातीचीं गांवें, मक्याचीं शेतें आणि बाणांचा वर्षाव! सोनें नव्हतेंच. नांव मात्र राहिलें, आणि साडेचारशें वर्षांनीं एका सरकारी ठरावानें तें जिल्ह्यास चिकटलें.

प्रदेश उंच आणि कोरडा आहे. समुद्रसपाटीपासून सहा-सात हजार फूट उंचीचें पठार, त्यावर खुरट्या जुनिपरची आणि पिन्यॉन नांवाच्या बुटक्या देवदाराची विरळ झाडी, आणि उत्तरेस अकरा हजार फुटांहून उंच असा माउंट टेलर. मध्येंच कोसच्या कोस काळ्या दगडाचा समुद्र पसरलेला दिसतो. स्पॅनिश लोकांनीं त्यास ‘माल पाइस’, म्हणजे वाईट मुलूख, असें नांव दिलें. तो लाव्हा आहे. त्यांतील सर्वांत अलीकडचा ओघ सुमारें तीन-चार हजार वर्षांपूर्वींचा. महाराष्ट्रांतल्या माणसास तो दगड परका वाटत नाहीं. जात आपल्या सह्याद्रीचीच, काळ्या बसाल्टची. पण आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा वृद्ध. झिजून झिजून त्याची कपाशीची काळी माती झाली. तेथला दगड अजून तान्हा आहे. त्याच्या कडा सुरीसारख्या आहेत, आणि चार पावलें चाललें कीं चांगले जाड बूटही तक्रार करूं लागतात. तरी आकोमा आणि झूनी येथील लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं या लाव्ह्यावरून साडेसात मैलांची पायवाट पाडली, दगडांचे ढीग रचून तिच्या खुणा केल्या, भेगांमध्यें दगड भरून पूल केले. ती वाट आजही चालतां येते. गाड्याघोड्यांस मात्र ती उपयोगाची नव्हती. त्यांना लाव्ह्यास वळसा घालूनच जावें लागे, आणि त्या वळशावर पाण्याची खात्रीची जागा म्हणजे आमचा हा खडक.

त्याचें स्पॅनिश नांव ‘एल मोरो’, म्हणजे पुढें आलेला सुळका. फिकट पिवळ्या वालुकाश्माचा हा कडा सपाटीतून दोनशें फूट सरळ उठतो. त्याच्या एका खांचेंत, कायम सावलींत, एक डोह आहे. खोली बारा फूट. भरला म्हणजे सुमारें दोन लाख गॅलन पाणी मावतें. याला झरा नाहीं. कड्यावरून ओघळणारें पावसाचें आणि वितळलेल्या बर्फाचें पाणी, एवढाच त्याचा आधार. १५८३ मध्यें एस्पेखो नांवाच्या स्पॅनिश गृहस्थाची टोळी येथें थांबली, त्या टोळींतील एकाच्या रोजनिशींत या खडकाजवळच्या पाण्याचा उल्लेख आहे. या स्थळाचा लेखी उल्लेख यापूर्वींचा मिळत नाहीं. खडकाचा सारा इतिहास या डोहांतून निघाला आहे. पाण्यासाठीं माणूस थांबला, संध्याकाळ मोकळी मिळाली, हातांत सुरी किंवा खंजीर होता, आणि समोर मऊ दगडाची कोरी भिंत होती. मग नांव कोरण्यावांचून कोणास राहवेल?

अर्थात् भिंत कोरी नव्हती. झूनी लोक या स्थळास ‘आत्सिना’ म्हणतात. त्याचा अर्थ, जेथें खडकावर लिहिलें आहे ती जागा. कड्याच्या माथ्यावर त्यांच्या पूर्वजांनीं सुमारें १२७५ च्या सुमारास एक मोठें गांव बांधलें. त्यांत पावणेनऊशें खोल्या होत्या, आणि हजार-दीड हजार माणसें राहत असावीं असा अंदाज आहे. पाऊणशें वर्षांनीं तें ओस पडलें. १९५० नंतर त्याचें थोडें उत्खनन झालें. बाकीचें अद्याप मातीखालींच आहे. त्या लोकांनीं कड्याच्या अंगावर मेंढे, हाताचे पंजे, नागमोडी रेघा आणि मनुष्याकृति कोरून ठेविल्या आहेत. येणारा प्रवासी या आकृतींस ‘चित्रें’ म्हणतो आणि स्पॅनिश अक्षरांस ‘लेख’ म्हणतो. हा भेद कोणीं ठरविला, असें आम्हीं मनाशींच विचारलें. कारण त्या गांवाचे वंशज पश्चिमेस तीसेक मैलांवर आजही राहतात, आणि त्यांच्या लेखीं हें सर्व वाङ्‌मयच आहे.

युरोपीय लेखांमध्यें ज्यावर तारीख आहे असा सर्वांत जुना लेख हुआन दे ओन्याते याचा. हा न्यू मेक्सिकोचा पहिला स्पॅनिश सुभेदार. लेखाचा आशय असा: “दक्षिण समुद्राच्या शोधावरून येतांना आदेलांतादो दोन हुआन दे ओन्याते येथून गेला. १६ एप्रिल १६०५.” आदेलांतादो म्हणजे सरहद्दीवर राज्य वाढविण्याचा अधिकार मिळालेला सरदार. अक्षरें ठसठशीत आहेत, आणि चारशें वीस वर्षांनींही तीं सहज वाचतां येतात. पण वाक्य तपासून पहावें. दक्षिण समुद्र म्हणजे पॅसिफिक. तो बाल्बोआनें १५१३ मध्यें पाहिला होता. ओन्याते जेथें पोहोंचला त्या कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या शेंड्यापर्यंत दुसऱ्या स्पॅनिश खलाशांचीं गलबतें १५३९ आणि १५४० मध्यें जाऊन आलीं होतीं. म्हणजे शोध असा कांहींच नव्हता. होती ती गरज. ओन्यातेनें स्वतःचा पैसा ओतून ही वसाहत उभारली होती. चांदीची खाण सांपडेना, धान्य पुरेना, १६०१ मध्यें बहुतेक वसाहतकरी पळून गेले. राजास दाखविण्यासारखें कांहींतरी हवें होतें, म्हणून समुद्र ‘शोधला’ गेला. दगड खोटें बोलत नाहीं हें खरें. पण दगडावर लिहिणारा बोलतो.

आणि तो काय बोलत नाहीं, हें पहावयाचें असेल तर खडक सोडून पूर्वेस पन्नासेक मैल जावें लागतें. तेथें सपाट माळावर साडेतीनशें फुटांहून उंच असा एक तुटलेला कडा उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावर आकोमा हें गांव आहे. आमच्या डोळ्यांस तो पाहतांच एखादा डोंगरी किल्ला आठवला. पण हा किल्ला नव्हे, कुटुंबांचें राहतें गांव. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं कित्येक शतकें तें तेथें आहे. माथ्यावर मातीही नाहीं. पाणी खडकांतल्या टाक्यांत सांठवावयाचें, आणि शेतें खालीं माळावर.

१५९८ च्या डिसेंबरांत ओन्यातेचा भाचा हुआन दे साल्दीवार तीसेक माणसें घेऊन आकोम्यास आला. त्यानें पीठ मागितलें. हिंवाळा तोंडावर, गांवाचें धान्य मोजकें. मागण्याची परिणति झटापटींत झाली, आणि साल्दीवार व त्याचे दहा-बारा सोबती मारले गेले. ओन्यातेनें आपल्या धर्मगुरूंकडून न्याय्य युद्धाचा निर्वाळा घेतला आणि मृताचा भाऊ व्हिसेंते यास सत्तर माणसें देऊन पाठविलें. भावाच्या सुडासाठीं भावासच न्यायाचा हस्तक नेमणें हें कोणत्या शास्त्रांत बसतें कोण जाणे! २२ जानेवारी १५९९ रोजीं हल्ला सुरू झाला. एका बाजूनें मोठी फळी चढत आहे असा देखावा केला, आणि दुसऱ्या बाजूनें बारा जण वर पोहोंचले. मग तोफ वर ओढून घेतली. तिसऱ्या दिवशीं गांव पडलें. आठशेंच्या आसपास माणसें मेलीं, असें त्या वेळचे स्पॅनिश आंकडे सांगतात. पांचशेंच्या आसपास धरलीं गेलीं.

पुढें चौकशी झाली. रीतसर, कागदोपत्रीं, आरोपींच्या बाजूनें एक स्पॅनिश वकील नेमून झाली. म्हणूनच तिचा तपशील आज उपलब्ध आहे. फेब्रुवारींत ओन्यातेनें शिक्षा फर्माविली: पंचवीस वर्षांवरील पुरुषांचा एक पाय तोडावा आणि त्यांनीं वीस वर्षें गुलामी करावी, त्याहून लहान, पण बारा वर्षांवरील मुलगे व स्त्रियांनीं वीस वर्षें गुलामी करावी, त्याहूनही लहान मुली धर्मगुरूंच्या आणि मुलगे व्हिसेंतेच्या स्वाधीन करावे. पाय तोडण्याची शिक्षा चोवीस जणांस झाली. अलीकडे कांहीं अभ्यासकांनीं असें मांडलें आहे कीं तोडलीं तीं पायाचीं बोटें, सबंध पाऊल नव्हे. कारण गुलाम चालता हवा, आणि पुढील कागदांत एकपाय्या माणसांचा उल्लेख येत नाहीं. हा वाद पंडितांनीं अवश्य करावा. आम्हांस एवढेंच दिसतें कीं निकालपत्रांत ‘पाय’ असें लिहिलें आहे, आणि आकोम्याची स्मृतीही तेंच सांगते.

या लढाईंत असलेला गास्पार पेरेस दे व्हिल्याग्रा नांवाचा शिपाई साहित्याचा जाणकार होता. त्यानें पुढें स्पेनमध्यें १६१० सालीं या मोहिमेवर एक महाकाव्य छापलें. त्यांत शौर्य आहे, उड्या आहेत, वीरांचीं भाषणें आहेत; पण शेवट विजयाशीं होतो, निकालपत्रापाशीं नव्हे. मोठे लोक आपल्या चरित्राचा शेवट कोठें करावा हें नेहमींच जाणतात. ओन्यातेवर मात्र खटला झाला. १६१४ मध्यें मेक्सिको शहरीं त्याला आकोम्यांतील क्रौर्यासह अनेक गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवून न्यू मेक्सिकोंतून कायमचें हद्दपार करण्यांत आलें. खडकावरील लेखानंतर नऊ वर्षांनीं हें घडलें. पण ती ओळ भरावयास तो परत कसा येणार?

आकोमा पुन्हां वसलें. गुलामगिरींतून सुटलेल्या व पळालेल्या लोकांनीं तें वसविलें, आणि १६२९ नंतर फ्रे हुआन रामीरेस या धर्मगुरूच्या काळांत तेथें सेंट स्टीफनच्या नांवाचें चर्च उभें राहिलें. त्याचे चाळीस फुटी वांसे माउंट टेलरवरून आणले. ते वाटेंत जमिनीस टेकूं दिले नाहींत अशी गांवची कथा आहे. कबरस्तानासाठींही माती पाठीवरून वर आणावी लागली. हें चर्च गांवकऱ्यांच्या श्रद्धेचें स्मारक कीं वेठीचें, असा प्रश्न विचारणाऱ्यास ते लोक सरळ उत्तर देत नाहींत. दोन सप्टेंबरला उत्सव असतो तेव्हां या, एवढेंच म्हणतात. १६८० च्या मोठ्या बंडांत, जेव्हां बहुतेक गांवांनीं मिळून स्पॅनिश सत्ता न्यू मेक्सिकोबाहेर हांकलली, तेव्हां आकोम्याचा धर्मगुरु मारला गेला, पण चर्च त्यांनीं पाडलें नाहीं. तें आजही उभें आहे.

आतां पुन्हां खडकाकडे. ओन्यातेनंतरचे स्पॅनिश लेख पायथ्याच्या वाटेनें एकामागून एक भेटतात. १६२९ च्या ऑगस्टमध्यें सुभेदार सिल्वा निएतो यानें लिहून ठेविलें कीं अशक्य तें आपण शक्य केलें आणि झूनींपर्यंत राजाच्या गाड्या व धर्म पोहोंचविला. थोड्याच अंतरावर लुहान नांवाच्या शिपायाची एक तुटक ओळ आहे: २३ मार्च १६३२ रोजीं फादर लेत्रादोच्या मृत्यूचा सूड घेण्यास ते येथून गेले. हा लेत्रादो झूनींनीं महिन्यापूर्वींच मारला होता. दोन लेखांमध्यें तीन वर्षांचें अंतर. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे पहिल्यांतील धर्मप्रसार कितपत साधला होता याची टीप वेगळी द्यावी लागत नाहीं.

दिएगो दे व्हार्गासचा १६९२ चा लेख तर आमच्या मतें साऱ्या खडकांतील मासला आहे. बारा वर्षें हातचा गेलेला न्यू मेक्सिको आपण धर्मासाठीं आणि राजासाठीं जिंकला, असें तो सांगतो, आणि पुढें जोडतो, “स्वतःच्या खर्चानें.” तीन शब्दांत त्यानें आपली वंशावळ, कर्जें आणि दरबारांतील अपेक्षा सगळ्या मांडल्या! शिवाय तो विजय कच्चा होता. १६९२ ची फेरी जवळजवळ रक्तपाताविना झाली हें खरें. परंतु पुढल्याच वर्षीं सांता फे त्याला लढून घ्यावें लागलें, त्यानंतर सत्तर माणसें गोळ्या घालून मारण्यांत आलीं, आणि १६९६ मध्यें पुन्हां बंड झालें.

अमेरिकन लोक आले १८४९ मध्यें. पहिले दोघे लेफ्टनंट सिम्प्सन आणि चित्रकार रिचर्ड कर्न. सप्टेंबरच्या दोन दिवसांत त्यांनीं सर्व लेखांच्या नकला उतरून घेतल्या आणि तसें खडकावर नमूद केलें. नमूद करतांना ‘लेख’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील एक अक्षर गळलें. तें मग वरून घुसडावें लागलें. जन्मभर विद्यार्थ्यांचे कागद तपासणाऱ्या आमच्यासारख्यास हें पाहून किती समाधान वाटलें तें सांगतां येत नाहीं. कर्न चारच वर्षांनीं यूटामध्यें एका पाहणी-पथकाबरोबर मारला गेला. १८५७ मध्यें तर येथें उंट पाणी प्याले. वाळवंटांत सैन्याचें सामान वाहण्यास उंट चालतील काय हें पाहण्यासाठीं सरकारनें ते भूमध्यसमुद्राकडून आणविले होते. त्यांतील पंचवीस घेऊन एडवर्ड बील हा पश्चिमेचा रस्ता आंखीत चालला होता. उंटांवर देखरेख करणारा ब्रेकिन्रिज नांवाचा तरुण आपलें नांव खडकावर ठेवून गेला. उंट कसास उतरले. परंतु यादवी युद्ध आलें आणि बेत बारगळला. ब्रेकिन्रिज त्याच युद्धांत १८६४ मध्यें दक्षिणेच्या बाजूनें लढतांना पडला.

बीलच्या रस्त्यानें पुढल्याच वर्षीं कॅलिफोर्नियाकडे निघालेलीं कुटुंबें आलीं. त्यांच्यांतील वृद्ध पाद्री जॉन युडेल यानें ८ जुलै १८५८ ही तारीख, आपलें वय आणि आपण या वाटेचे पहिले प्रवासी असल्याचें कोरून ठेविलें. त्याच तांड्यांत सॅली फॉक्स नांवाची बारा वर्षांची मुलगी होती. तिचेंही नांव तेथें आहे. लहान, कांपऱ्या हाताचें. सात-आठ आठवड्यांनीं कोलोरॅडो नदीच्या कांठीं मोहावे लोकांनीं तांड्यावर हल्ला केला, तींत तिला बाण लागला. तांडा अन्नपाण्यावांचून शेंकडों मैल मागें परतला. मुलगी वांचली, आणि दुसऱ्या वाटेनें पुढें कॅलिफोर्नियास पोहोंचली. सुभेदारांच्या ओळींपुढें आम्ही उभे राहिलों तितकाच वेळ या नांवापुढें उभे राहिलों. तिनें काय जिंकलें, कोणाच्या खर्चानें, याचा उल्लेख नाहीं.

१८६८ मध्यें रेल्वेच्या पाहणीसाठीं आलेले लोक आपल्या नांवांबरोबर कंपनीचीं आद्याक्षरें कोरून गेले. पण १८८१ मध्यें प्रत्यक्ष लोहमार्ग पडला तो पंचवीस मैल उत्तरेकडून. त्या मार्गाचें काम घेतलेल्या तीन कॅनेडियन ग्रँट बंधूंच्या तळावरून जिल्ह्याचें आजचें मुख्य गांव ग्रँट्स झालें. १९५० मध्यें पॅडी मार्टिनेझ या नाव्हाहो मेंढपाळास या बाजूस पिवळा दगड सांपडला, तो युरेनियमचा निघाला, आणि तीस वर्षें या भागांत पैशाचा पूर आला. लागुना लोकांच्या जमिनीवरील जॅकपाइल ही उघडी खाण १९५३ ते १९८२ पर्यंत चालली. खाण बंद झाली, रोजगार गेला. मागें राहिलेल्या मातीचें काय करावें हा प्रश्न मात्र गेला नाहीं, आणि २०१३ मध्यें ती जागा अत्यंत दूषित स्थळांच्या सरकारी यादींत घालावी लागली.

रेल्वेनंतर डोहाची कोणास गरज उरली नाहीं. पाण्यासाठीं येणारे थांबले, आणि केवळ नांव कोरण्यासाठीं येणारे सुरू झाले. तेव्हां ८ डिसेंबर १९०६ रोजीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं खडक राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. त्या दिवसापासून तेथें कोरणें गुन्हा आहे. म्हणजे सात तारखेस ज्यानें नांव कोरलें तो इतिहासांत गेला, आणि नऊ तारखेस ज्यानें कोरलें तो आरोपींच्या यादींत गेला. १९२० नंतरच्या दशकांत तेथील रखवालदारानें अधिक उत्साह दाखविला: १९०६ नंतरचीं नांवें घासून नाहींशीं केलीं, आणि जुनीं अक्षरें उठून दिसावीं म्हणून त्यांत शिसपेन्सिल भरली. घासलेल्या जागा आजही गुळगुळीत, उथळ खळग्यांसारख्या दिसतात.

किल्ल्यांच्या तटांवर आणि लेण्यांच्या खांबांवर चुन्याकोळशानें नांवें लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं आजवर कडक शब्दांत बोललों आहों, आणि यापुढेंही बोलूं. कायद्यास कोठें तरी रेघ मारावीच लागते. तरी त्या गुळगुळीत खळग्यांपुढें आमची जीभ थोडी अडखळली. तेथें आसपासच्या मेंढपाळांचीं, शेतकऱ्यांचीं, शाळेंतल्या पोरांचीं नांवें असतील. तीं कोणाचीं होतीं हें आतां कळावयाचें नाहीं. खोटा शोध लावणाऱ्या सुभेदाराची ओळ जपली गेली, कारण ती जुनी होती. १९९८ मध्यें न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागांत ओन्यातेच्या अश्वारूढ पुतळ्याचा उजवा पाय कोणीं तरी रात्रीं कापून नेला. त्या वर्षीं त्याच्या आगमनास चारशें वर्षें झाल्याचा समारंभ चालू होता. पाय कापणाऱ्यानें कोठें नांव कोरलें नाहीं. पण खडकावरील ओळीस राहिलेली टीप त्यानें जोडली असें पुष्कळांस वाटलें.

जपलेल्या ओळीही कायमच्या जपतां येतील असें नाहीं. हा वालुकाश्म चिकणमातीच्या थोड्याशा बंधानें धरलेला आहे. पावसाचें आणि बर्फाचें पाणी त्यांत झिरपतें, हिंवाळ्यांत गोठतें, आणि अक्षरांसकट पापुद्रे सुटतात. सावलीच्या बाजूस दगडफूल अक्षरांत घर करतें. तेथील अधिकारी प्रत्येक लेखाचीं छायाचित्रें घेऊन झीज मोजीत असतात. आम्ही निघालों त्या दिवशीं दुपारीं एक सर येऊन गेली होती. कड्यावरून पाण्याची बारीक धार उतरत होती, आणि डोह वीतभर वर आला होता.